प्रोसेसरला हवा की पाणी? कूलर निवडायचा आणि बसवायचा क्रम

पीसी जुळवताना कूलर सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो, आणि बहुतेक जण नेमका तोच आधी ठरवून बसतात. काचेतून छान दिसतो म्हणून ३६०चा (तीन पंख्यांचा) लिक्विड कूलर मागवला, मग कळलं की कॅबिनेटच्या छताला तो बसतच नाही. किंवा दोन हजारांचा टॉवर घेतला आणि त्याच्याखाली अडीचशे वॅट ओढणारा प्रोसेसर. दोन्हीकडे वस्तू चांगली असते, फक्त क्रम चुकलेला असतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथे एअर कूलर म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा टॉवर, त्यातून जाणारे हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि बाजूला लावलेला पंखा. (विदर्भातल्या मंडळींनी ऑनलाइन शोधताना 'सीपीयू' हा शब्द आधी टाकावा, नाहीतर वाळ्याच्या ताट्यांचे कूलर समोर येतील.) लिक्विड कूलर म्हणजे कारखान्यातूनच सील होऊन आलेला संच: प्रोसेसरवर बसणारा पंप, दोन नळ्या, रेडिएटर (द्रवाची उष्णता हवेत सोडणारी जाळी) आणि पंखे. स्वतः नळ्या जोडून द्रव भरायच्या 'कस्टम लूप'चा इथे विचार केलेला नाही.

पाणी प्रोसेसरला फ्रीजसारखं गार करत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. दोन्ही कूलर उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच टाकतात. त्यामुळे कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि म्हणूनच एसीच्या खोलीतल्या लिक्विड कूलरवर दव जमेल ही भीतीही खोटी.

पायरी १: खरा वॅट शोधा

दुकानाच्या यादीत लिहिलेल्या 'टीडीपी'वर (प्रोसेसरच्या छापील वॅटवर) कूलर निवडू नका. पूर्ण ताणावर प्रोसेसर किती ओढतो, तो आकडा वेगळा असतो.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) त्याला पीपीटी म्हणतात. टीडीपी ६५ असेल तर पीपीटी ८८ वॅट, १०५ला १४२, १२०ला १६२ आणि १७०ला २३०. इंटेलच्या माहितीपानावर 'मॅक्सिमम टर्बो पॉवर' ही ओळ शोधा. आय५-१२४००ला ६५च्या जागी ११७ दिसेल, आय५-१३६००केला १२५च्या जागी १८१ आणि आय७-१४७००केला थेट २५३.

मग हा आकडा किती वेळ टिकणार ते बघा. ब्राउझर, एक्सेल, टॅली यांत प्रोसेसर काही सेकंद उसळतो आणि खाली येतो. गेममध्येही सगळे कोअर क्वचितच पूर्ण राबतात. रायझन ७ ७८००एक्स३डीचा पीपीटी १६२ असला तरी खेळताना तो सहसा शंभरच्या आत राहतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला रेंडर, लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट, मोठा कोड कंपाइल करणं, ही कामं मात्र कमाल आकडा तासन्‌तास लावून धरतात.

> तपासा: एका कागदावर तीन गोष्टी लिहा: प्रोसेसर, कमाल वॅट, सलग किती मिनिटं. हा कागद हातात नसताना कूलरची पानं उघडू नका.

पायरी २: खोलीचं तापमान मिळवा

यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ७२ अंशांवर दिसला तर खोलीपेक्षा तो ५० अंशांनी वर आहे. हा फरक ढोबळमानाने तसाच राहतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी खोली ३८ अंशांवर असली तर तोच प्रोसेसर, तोच कूलर, आणि आकडा ८८. पुण्यात डिसेंबरात जुळवून 'मस्त चालतोय' म्हटलेला पीसी एप्रिलमध्ये का रडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

म्हणून पायरी १मधून जो कूलर पुरेसा वाटेल, त्याच्या एक पायरी वरचा घ्या, जर पीसी बिनएसीच्या खोलीत भर उन्हाळ्यात राबणार असेल तर. घरात डेझर्ट कूलर असेल तर खोली गार होते, पीसीलाही फायदाच. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जातात.

पायरी ३: कॅबिनेट मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एअर कूलरसाठी कॅबिनेटच्या माहितीत 'सीपीयू कूलरची कमाल उंची' शोधा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी आहे, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी. मर्यादा १६३ असेल तर पहिला गेला, दुसरा बसला. इतकं सगळेच बघतात. पण रॅम?

साध्या रॅमची पट्टी ३१ ते ३४ मिमी उंच असते, दिवे लावलेली ४२ ते ५१. मोठ्या टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅम उंच असेल तर तो पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कूलरची खरी उंची वाढते. माझ्याच मशीनमध्ये हे झालं. १५५चा कूलर, १६३ची मर्यादा, आठ मिलिमीटर शिल्लक म्हणून निवांत होतो. रॅमने पंखा बारा मिमी वर ढकलला. बाजूची काच मिटेना. दोन दिवस काच भिंतीला टेकवून मशीन उघडंच चालवलं आणि शेवटी दिवे नसलेली रॅम आणली. दिव्यांचे पैसे देऊन अंधार विकत घेतला म्हणा.

लिक्विडसाठी तीन मापं लागतात. पहिलं, रेडिएटर कुठे बसेल: छताला की समोर, आणि किती लांबीचा. ३६०चा रेडिएटर ३६० मिमी नसतो, दोन्ही टोकं धरून तो ३९५ ते ४०० मिमीच्या आसपास जातो. २४०चा साधारण २७५ ते २८० मिमी. दुसरं, जाडी. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी आणि पंखा २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी. छताला लावताना ही जाडी मदरबोर्डच्या वरच्या कडेवरच्या हीटसिंकला (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) आणि रॅमला अडते. तिसरं, समोर लावायचा असेल तर ग्राफिक्स कार्डाची लांबी. कॅबिनेट कार्डासाठी ३४० मिमी देत असेल तर त्यातून हे ५२ वजा करा.

> थांबा: कॅबिनेटचा पुढचा भाग सपाट बंद काचेचा असेल, हवेला फक्त कडेच्या फटी असतील, तर त्यामागे रेडिएटर लावून काही साधत नाही. त्या पैशांत जाळीदार पुढच्या भागाचं कॅबिनेट घ्या आणि एअर कूलर लावा. मशीन जास्त थंड राहील.

पायरी ४: आता निवडा

९० वॅटपर्यंत (रायझन ५ ७६०० वगैरे): सोबत आलेला कूलर चालतो, फक्त आवाज करतो. चार हीटपाइपचा एक टॉवर लावला की विषय संपला. लिक्विडचा विचारही नको. आय५-१२४००चा कमाल आकडा ११७ असला तरी तोही व्यवहारात याच गटात बसतो.

९० ते १६०: चांगला एक टॉवर, किंवा गरम खोली असेल तर दुहेरी टॉवर. ७८००एक्स३डी व्यवहारात इथेच येतो आणि या प्रोसेसरवर ३६०चा लिक्विड लावलेला बघितला की मला हळहळ वाटते.

१६० ते २००: दुहेरी टॉवर किंवा २४०चा लिक्विड. थंड करण्यात दोघं जवळपास बरोबरीचे, किंमतीत नाहीत. माझं मत टॉवरच्या बाजूने.

२००च्या वर आणि तेही सलग: ३६०चा लिक्विड. इथे पाणी खरंच जिंकतं. किंवा बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) वॅट कमी करा. रायझन ९ ७९५०एक्ससारख्या प्रोसेसरला इको मोडमध्ये खालच्या मर्यादेवर आणलं तर उष्णता खूप उतरते आणि काम त्यामानाने थोडंच मंदावतं. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच कोणी सुचवत नाही.

१२०चा, एकाच पंख्याचा लिक्विड घेऊ नका. त्याच किंवा कमी पैशांत मिळणारा टॉवर तेवढंच काम करतो आणि त्यात पंप नाही.

पंपाचा मुद्दा शहरापासून लांब राहणाऱ्यांनी जास्त मनावर घ्यावा. टॉवरचा पंखा मेला तर तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा कोणताही १२० मिमीचा पंखा लावता येतो, तोवर मशीन धिम्या गतीने का होईना चालतं. पंप मेला तर अख्खा संच वॉरंटीत पाठवायचा आणि बदली येईपर्यंत पीसी बंद. शिवाय नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षं किंचित उडत असतो आणि बहुतेक संचांत तो पुन्हा भरता येत नाही. लिक्विड घेणारच असाल तर एक साधा टॉवर किंवा प्रोसेसरसोबतचा कूलर खोक्यात जपून ठेवा.

उलट, मशीन सारखं हलवायचं असेल तर लिक्विड बरा. एनएच-डी१५ पंख्यांसह १.३२ किलो भरतो आणि हे वजन उभ्या बोर्डावर आडवं लटकतं. पुण्याहून लातूरला ट्रॅव्हल्सच्या डिकीत पीसी पाठवायचा असेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, कूलर वरच्या दिशेला येईल असं. नाहीतर कूलर काढून पाठवा.

पायरी ५: बसवण्याआधीची तयारी

१. सॉकेटचं नाव आणि कूलरच्या खोक्यावरची यादी जुळवा. इंटेलच्या एलजीए १२००ची भोकं ७५ मिमीवर आहेत, एलजीए १७००ची ७८ मिमीवर. जुना कूलर वापरायचा असेल तर नवा किट लागतो. 'जरा रेटलं की बसेल' असं म्हणणाऱ्याला स्क्रू ड्रायव्हर देऊ नका.

२. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डामागची धातूची प्लेट फेकू नका. अनेक कूलर तिलाच स्क्रू होतात. एएम५ला ती सॉकेटसोबतच पक्की असते.

३. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कोरडं, धागे न सुटणारं कापड घ्या.

४. सगळे स्क्रू एका वाटीत नको. खोक्यातल्या पुड्या जशा आहेत तशा ठेवा. इंटेलचे आणि एएमडीचे स्टँडऑफ (कूलर ज्यांवर स्क्रू होतो ते छोटे खांब) दिसायला सारखे, उंचीने वेगळे असतात. चुकीचा लावला तर कूलर प्रोसेसरला नीट टेकतच नाही.

पायरी ६: पेस्ट आणि स्क्रू (दोन्ही कूलरना सारखंच)

कूलरच्या तळाला प्लास्टिकची पातळ फिल्म असते. ती काढा. हसू नका, 'नवा कूलर, बायोसमध्येच नव्वद अंश' अशी तक्रार आली की मी कूलर उलटा करून आधी हेच बघतो. गेल्या वेळी फिल्मवर पेस्टचा गोल ठसा उमटलेला होता आणि त्याच्या मधोमध 'बसवण्यापूर्वी काढा' ही इंग्रजी सूचना व्यवस्थित वाचता येत होती.

तळाला कारखान्यातूनच पेस्ट लावलेली असेल तर वर आणखी लावू नका. नसेल तर प्रोसेसरच्या मध्यभागी मटारच्या लहान दाण्याएवढा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे चार. बोटाने पसरू नका.

कूलर सरळ वरून टेकवा. एक स्क्रू दोन-तीन फेरे, मग त्याच्या तिरक्या समोरचा. असं आलटून पालटून घट्ट करत न्या. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरी उचलली जाते.

> तपासा: पहिल्यांदाच बसवत असाल तर एकदा कूलर काढून पेस्टचा ठसा बघा. पातळ आणि सगळीकडे सारखा असेल तर पुसून नवी पेस्ट लावा आणि कायमचा बसवा. एका बाजूला जाड थर असेल तर स्क्रू किंवा स्टँडऑफ चुकलाय. पेस्टचे दहा रुपये जातील, जाऊ द्या.

पायरी ७: एअर कूलर बसवताना

पंख्याची दिशा. ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे आणि स्टिकर दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. हवा कॅबिनेटच्या पुढून मागे गेली पाहिजे, म्हणून पंख्याची दांड्यांची बाजू कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे असावी. दुहेरी टॉवरचे दोन्ही पंखे एकाच दिशेने. समोरासमोर फुंकणारे दोन पंखे मी पाहिलेत. मालक म्हणाला, 'दोन्हीकडून गार होईल ना.'

बोर्डाची सीपीयूची पॉवर वायर कूलर बसवण्याआधी जोडा. नंतर तिथे बोट जात नाही.

पायरी ८: लिक्विड कूलर बसवताना

जागा: शक्य असेल तर छताला, हवा बाहेर फेकणारे पंखे. समोर लावला तर प्रोसेसर काही अंश थंड राहतो, पण रेडिएटरमधून तापलेली हवा ग्राफिक्स कार्डाला मिळते. गेमसाठी हा सौदा उलटा पडतो.

हवेचा बुडबुडा: प्रत्येक संचात थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असता कामा नये. समोर लावताना रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर ठेवा आणि नळ्या खालच्या बाजूने बाहेर काढा. कॅबिनेटच्या तळाला रेडिएटर कधीच नको. नाहीतर गळगळ आवाज येतो आणि पंप कोरडा फिरून लवकर जातो.

स्क्रू: रेडिएटरला फक्त सोबतचेच स्क्रू. लांब स्क्रू रेडिएटरच्या आत घुसून द्रववाहिनी फोडतो आणि ही चूक वॉरंटीत बसत नाही.

वायरी: पंपाची वायर बोर्डावरच्या पंपाच्या हेडरला (वायर जोडायच्या टाचण्यांना), रेडिएटरच्या पंख्यांची सीपीयू फॅनच्या हेडरला. सीपीयू फॅनचा हेडर रिकामा राहिला तर चालू करताच 'सीपीयू फॅन एरर' येऊन मशीन अडतं, आणि लोक कूलर परत करायला निघतात.

> सावधान: दिव्यांच्या वायरींत दोन जाती आहेत. तीन टाचण्यांची ५ व्होल्टची आणि चार टाचण्यांची १२ व्होल्टची. ५ची पट्टी १२ला जोडली की दिवे त्याच क्षणी जळतात.

पायरी ९: बायोस

बायोस अपडेट करा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे के मालिकेचे प्रोसेसर असतील तर हे टाळूच नका. त्यांच्या अस्थिरतेवरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) २०२४मध्ये बायोसमधूनच आले. मग 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा.

काही बोर्ड पहिल्यांदा विचारतात, कूलर कोणता: बॉक्स, टॉवर की वॉटर? लिक्विड लावलाय म्हणून भाबडेपणाने 'वॉटर' दाबलं की काही बोर्ड वॅटची मर्यादा ४०९६वर नेतात, म्हणजे मर्यादाच उठवतात. मग ३६०चा कूलरही अपुरा पडतो आणि दोष कूलरला. प्रोसेसरचा अधिकृत आकडा हाताने भरा, तो पायरी १च्या कागदावर आहेच.

पंप कायम पूर्ण वेगावर. कमीजास्त करायचे ते पंखे.

पायरी १०: चाचणी

तापमान-वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सिनेबेंच लावा. टॉवरचं तापमान दहा मिनिटांत स्थिर होतं. लिक्विडला अर्धा तास द्या, कारण द्रव हळूहळू तापतो. दोन मिनिटांचा स्क्रीनशॉट दाखवून लिक्विडची फुशारकी मारणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आकडा वाचताना प्रोसेसरची मर्यादा लक्षात घ्या. रायझन ७०००चे एक्स प्रोसेसर पूर्ण ताणावर ९५ अंशांपर्यंत जायचेच असे बनवलेत; कूलर मोठा लावला तर तापमान उतरण्याऐवजी वेग वाढतो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९, इंटेलच्या वरच्या प्रोसेसरची १००. तापमानासोबत वॅट आणि वेगाचे रकाने बघा. वॅट आणि वेग सुरुवातीपासून खाली घसरत असतील तर कूलर कमी पडतोय. टिकून असतील तर ९० अंश दिसले तरी झोप घ्या.

> तपासा: आज खोलीचं तापमान किती आहे तेही लिहून ठेवा. त्याशिवाय पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

पायरी ११: नंतरची देखभाल

दिवाळीच्या साफसफाईत पीसीही घ्या. पात्यांत आणि रेडिएटरमध्ये धूळ नमद्यासारखी बसते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरली तर बेअरिंग जातं.

लिक्विडवाल्यांनी एक ओळख ठेवावी: पंप चालू असेल तर दोन्ही नळ्या हाताला जवळपास सारख्याच कोमट लागतात. पंपाची टोपी गरम, रेडिएटर थंडगार आणि बायोसमध्येच तापमान नव्वदीकडे धावतंय, म्हणजे पंप गेला. लगेच बंद करा आणि खोक्यातला तो जुना कूलर काढा.

एएम४ वापरणाऱ्यांनी कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं राबवून, बंद करून, प्लग काढून मगच हात घालावा. पेस्ट गरम असताना कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवा आणि सैल झाल्यावर उचला. थंड मशीनवर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेट बंद असतानाही कूलरला चिकटून बाहेर येतो. तसं झालंच तर प्रोसेसरच्या खालच्या टाचण्या ओळीत आहेत का ते मोबाइलच्या उजेडात बघा. वाकलेली टाचणी पेनपेन्सिलच्या रिकाम्या नळीत धरून हळूच सरळ होते.